मृत्यूची वेळ नक्की किती वाजता? शरीरातली घड्याळं आणि त्यांचा एरर

ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ऐकताना लोकलमध्ये अर्धं निसटतं, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलतानाची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.

एक सूचना आधीच देतो. आजचा विषय मृत शरीरात होणाऱ्या बदलांचा आहे. उगाच भडक वर्णन करणार नाही, पण जेवताना वाचत असाल तर जेवण आधी उरका.

सी.आय.डी. स्टाइल उत्तर

आपण सगळे डॉ. साळुंखेंना बघत मोठे झालो. बॉडी समोर येते, डॉक्टर दोन मिनिटं बघतात आणि सांगतात, खून रात्री दहा ते साडेदहाच्या मध्ये झालाय. लगेच एसीपी साहेबांचा पुढचा प्रश्न, की त्या वेळी हा माणूस कुठे होता? वेळ मिळाली की अर्धी केस सुटली.

मी कोड लिहिणारा माणूस. माझ्या कामात प्रत्येक गोष्टीला टाइमस्टॅम्प असतो. सर्व्हर कधी पडला हे लॉग बघून सेकंदापर्यंत सांगता येतं. माणसाच्या शरीरात असा लॉग नसतो. शरीरात असतात फक्त काही प्रक्रिया, ज्या मृत्यूनंतर सुरू होतात आणि आपापल्या वेगाने पुढे सरकतात. डॉक्टर त्या किती पुढे गेल्या हे बघून मागचा अंदाज बांधतात. अंदाज हा शब्द लक्षात ठेवा. आजचा सगळा एपिसोड त्या एका शब्दाभोवती आहे.

आणि हा अंदाज चुकला तर काय होतं, यासाठी एक खरी केस सांगतो.

१९५९, कॅनडा, १४ वर्षांचा मुलगा

९ जून १९५९. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात क्लिंटन नावाच्या गावाजवळ हवाई दलाचा तळ होता. तिथे राहणारी एक १२ वर्षांची मुलगी संध्याकाळी घरातून बाहेर पडली ती परत आलीच नाही. दोन दिवसांनी, ११ जूनला, तिचा मृतदेह जवळच्या झाडीत सापडला. तिच्यावर अत्याचार करून गळा आवळण्यात आला होता.

त्या संध्याकाळी सातच्या सुमारास स्टीव्हन ट्रस्कॉट नावाच्या, तिच्याच शाळेतल्या मुलाने तिला सायकलवर डबलसीट नेलं होतं. वय १४. तो म्हणाला, मी तिला हायवेपर्यंत सोडलं, ती एका गाडीत बसून गेली. आठच्या सुमारास तो परत शाळेच्या मैदानात होता, मित्रांनी त्याला बघितलं होतं.

म्हणजे सगळा प्रश्न एका तासावर आला. मुलगी आठच्या आधी गेली असेल तर संशय ट्रस्कॉटवर. नंतर गेली असेल, तर तो त्यातून जवळपास सुटलाच.

शवविच्छेदन करणारे डॉक्टर होते जॉन पेनिस्टन. त्यांनी पोटातलं अन्न बघितलं. मुलगी पावणेसहाच्या आसपास जेवली होती आणि बरंचसं अन्न पोटात तसंच होतं. जेवण साधारण दोन तासांत पोटातून पुढे सरकतं असं धरून त्यांनी वेळ सांगितली: सव्वासात ते पावणेआठ. अर्ध्या तासाची खिडकी! आणि ती खिडकी नेमकी ट्रस्कॉट तिच्याबरोबर होता त्याच वेळेची.

३० सप्टेंबर १९५९ ला ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. शिक्षा फाशीची. चौदा वर्षांच्या मुलाला! पुढे ती जन्मठेपेत बदलली गेली आणि १९६९ मध्ये तो पॅरोलवर बाहेर आला, पण खुनी हा शिक्का काही पुसला नाही.

या केसकडे शेवटी परत येऊ. आधी हे बघू की अर्ध्या तासाची खिडकी सांगणं शक्य तरी आहे का.

घड्याळ पहिलं: शरीर थंड होणं

गरम चहाचा कप टेबलावर ठेवला की तो हळूहळू खोलीच्या तापमानाला येतो. जिवंत शरीर आतून हीटर चालू ठेवतं आणि ३७ अंशांच्या आसपास राहतं. मृत्यूनंतर हीटर बंद. मग शरीरही चहासारखं थंड होऊ लागतं. हे तापमान कपाळाला हात लावून बघायचं नसतं, शरीराच्या आतलं, लांब थर्मामीटरने घ्यायचं असतं.

पण शरीर म्हणजे चहाचा कप नाही. आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीला काही काळ आतलं तापमान फारसं हलतच नाही. आलेख काढला तर आधी सपाट, मग उतार, मग परत सपाट. आडव्या ताणलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखा.

जर्मन फॉरेन्सिक डॉक्टर क्लाउस हेन्सगे यांनी १९८० च्या दशकात यासाठी एक सूत्र आणि तक्ता लोकप्रिय केला. शरीराचं तापमान, आजूबाजूचं तापमान आणि वजन टाकायचं, कपडे किंवा पांघरूण असेल तर त्याची दुरुस्ती करायची, आणि उत्तर तासांमध्ये मिळतं. मला राहवलं नाही, मी ते सूत्र पायथॉनमध्ये लिहून बघितलं. जेमतेम दहा ओळींचं काम.

समजा ७० किलोचा माणूस, अंगावर कपडे नाहीत, हवा स्थिर, आतलं तापमान ३० अंश. खोली २० अंशांवर होती असं धरलं तर उत्तर येतं साधारण १२ तास. आता तीच बॉडी, तेच ३० अंश, फक्त एसी १६ वर होता असं धरा. उत्तर येतं साधारण १० तास.

म्हणजे कोणीतरी आत येऊन एसी बंद केला, किंवा खिडकी उघडली, आणि ते कुणी लिहूनच ठेवलं नाही, तर दोन तास इथेच गेले. त्यावर पंखा, ओले कपडे, गोधडी, फरशीवर पडलेला की गादीवर, मृत्यूच्या वेळी ताप होता का, हे सगळं वेगळं.

या पद्धतीचा स्वतःचा एरर किती? सगळी परिस्थिती अगदी अनुकूल असताना, ९५ टक्के खात्रीने, मागे-पुढे २.८ तास. एकूण खिडकी साडेपाच तासांच्या वर. आणि ही गोष्ट खूप अचूक मानल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी एकीची आहे, बरं का.

आता आपल्याकडची गंमत बघा. ही सूत्रं बहुतेक थंड देशांत बसवलेली. मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपूरला पारा ४५ पर्यंत जातो. बाहेरचं तापमानच शरीरापेक्षा जास्त असेल तर शरीर थंड होणार कसं? उलट ते तापेल. बाहेर ३७ च्या आसपास असेल तर थर्मामीटर तासन् तास एकच आकडा दाखवेल. घड्याळ भिंतीवर आहे, पण काटे हलत नाहीत. अशा वेळी या पद्धतीने वेळ सांगणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

घड्याळ दुसरं: रक्त खाली उतरणं

हृदय हा पंप. पंप बंद झाला की रक्त गुरुत्वाकर्षणाने खालच्या बाजूला साचतं. पाठीवर झोपलेल्या स्थितीत मृत्यू झाला तर पाठीवर जांभळट लाल डाग दिसू लागतात. जो भाग जमिनीला टेकून दाबला जातो, तिथे मात्र रक्त शिरू शकत नाही, म्हणून तो फिकट राहतो.

हे डाग अर्ध्या ते दोन तासांत दिसायला लागतात. आधी ठिपके-ठिपके, मग एकमेकांत मिसळतात. सुरुवातीला बोटाने दाबलं तर रंग जातो. पुढे, साधारण ६ ते १२ तासांत, डाग पक्के होतात आणि दाबूनही जात नाहीत.

वेळेसाठी हे घड्याळ ढोबळच आहे. पण दुसरी एक गोष्ट ते फार चांगली सांगतं. बॉडी पाठीवर पडलेली आहे आणि पक्के डाग पोटाच्या बाजूला आहेत? याचा अर्थ मृत्यूनंतर काही तासांनी कुणीतरी ती हलवली.

घड्याळ तिसरं: अंग ताठणं

आपल्याला वाटतं की स्नायू आखडायला ऊर्जा लागते आणि सैल सोडायला काही लागत नाही. प्रत्यक्षात सैल सोडायलाही ऊर्जा लागते. स्नायूतले दोन प्रकारचे धागे एकमेकांना धरतात, आणि ती पकड सोडवण्यासाठी एटीपी नावाचा रेणू लागतो. मृत्यूनंतर एटीपीचा साठा संपतो. पकड बसलेली असते, सोडवणारा कोणी नसतो. बॅटरी संपून स्क्रीन आहे तिथेच फ्रीझ व्हावी, तसं.

पापण्या आणि जबडा इथे ते आधी जाणवतं, मग मान, हात, पाय. पाठ्यपुस्तकात एक सोपा नियम असतो: १२ तासांत पूर्ण अंग ताठतं, १२ तास तसंच राहतं, पुढच्या १२ तासांत सुटतं. व्हायव्हासाठी नियम मस्त आहे. पण उष्णतेत सगळं लवकर येतं आणि लवकर जातं, थंडीत रेंगाळतं. मृत्यूच्या आधी माणूस जोरात पळाला असेल, झटापट झाली असेल, तर ऊर्जा आधीच खर्च झालेली, म्हणून ताठरता लवकर येते. विदर्भातला उन्हाळा आणि महाबळेश्वरचा डिसेंबर यांना एकच १२-१२-१२ लावून चालत नाही.

घड्याळ चौथं: डोळ्यातलं पोटॅशियम

हे मला सगळ्यात आवडलं. डोळ्याच्या आत जेलीसारखा एक पदार्थ असतो. तो बाकी शरीरापासून बराच सुरक्षित, बंद डबीत असल्यासारखा. मृत्यूनंतर पेशींमधलं पोटॅशियम हळूहळू झिरपून या जेलीत येतं आणि त्याचं प्रमाण तासागणिक वाढत जातं. सुईने थोडी जेली काढून ते मोजता येतं. १९६० च्या दशकापासून यावर सरळ रेषेची सूत्रं आहेत, म्हणजे आपलं लिनिअर रिग्रेशनच. पण वेगवेगळ्या संशोधकांच्या रेषांचा उतार वेगवेगळा येतो, तापमानाचा परिणाम इथेही आहे, आणि जितका वेळ जास्त तितका एररही जास्त.

घड्याळ पाचवं: कुजणं आणि माश्या

पहिला दिवस-दीड दिवस उलटला की वरची घड्याळं हळूहळू बंद पडू लागतात. मग आतड्यातले जिवाणू कामाला लागतात. पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, हिरवट डाग दिसतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे १२ ते १८ तासांत, हिवाळ्यात एक-दोन दिवसांत. पुढे किती वेगाने होणार हे जागेवर ठरतं. जुना ढोबळ नियम असा आहे, की उघड्या हवेत एका आठवड्यात जेवढं होतं, त्याला पाण्यात दोन आणि जमिनीत पुरल्यावर आठ आठवडे लागतात.

आणि माश्या. मोठ्या निळ्या-हिरव्या माश्या वास घेत कधी कधी काही मिनिटांत पोचतात आणि अंडी घालतात. अंडं, अळी, कोष, माशी हा प्रवास ठरलेला आहे आणि त्याचा वेग तापमानावर. म्हणून सगळ्यात मोठी अळी कोणत्या टप्प्यावर आहे ते बघून उलटा हिशोब करता येतो.

ही कल्पना नवी नाही. चीनमध्ये सोंग त्सी नावाच्या न्यायाधिकाऱ्याने १२४७ मध्ये मृत्यूच्या तपासावर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक गोष्ट आहे. गावात विळ्याने खून झाला. तपास करणाऱ्याने सगळ्यांना आपापले विळे समोर ठेवायला सांगितले. एकाच विळ्यावर माश्या घोंघावायला लागल्या, कारण धुतलं तरी रक्ताचा अंश राहिला होता.

पण इथे एक बारकावा आहे. कीटक मृत्यूची वेळ सांगत नाहीत, माश्या पोचल्याची वेळ सांगतात. दार-खिडक्या बंद असतील तर माश्या उशिरा येतात. रात्री त्या सहसा अंडी घालत नाहीत. त्यामुळे उत्तर मिळतं ते 'कमीत कमी इतका काळ झाला' असं.

आणि ते पोटातलं अन्न?

आता परत ट्रस्कॉटच्या केसकडे. पेनिस्टन यांनी मुख्यतः जे घड्याळ वापरलं, ते सगळ्यात बेभरवशाचं. तुम्ही स्वतःचाच विचार करा. पोहे खाऊन दोन तासांत परत भूक लागते, आणि लग्नातली पंगत संध्याकाळपर्यंत जड वाटते. किती खाल्लं, काय खाल्लं, यावर वेळ बदलते. आणि भीती, ताण, दुखापत असेल तर पचन मंदावतं, कधी थांबतंही. ज्या मुलीवर असा भयंकर प्रसंग आला, तिच्या पोटाने ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे काम केलं असेल, हे धरणंच मुळात चुकीचं होतं.

१९६६ मध्ये खुद्द पेनिस्टन यांनी आपल्या मताचा फेरविचार कागदावर मांडला होता. तो तेव्हा ट्रस्कॉटच्या वकिलांपर्यंत पोचलाच नाही. जुन्या फाइलींमध्ये त्यांच्या अहवालाचे आधीचे मसुदेही निघाले, ज्यांत मृत्यूची वेळ वेगळी होती. ज्युरीसमोर आली ती फक्त शेवटची, अर्ध्या तासाची खिडकी.

अखेर २८ ऑगस्ट २००७ रोजी ऑन्टॅरिओच्या अपील न्यायालयाने ट्रस्कॉटची शिक्षा रद्द केली आणि त्याला दोषमुक्त केलं. कोर्टाने हा न्यायाचा विपर्यास मानला. नव्या तज्ज्ञांनी सांगितलं की पोटातल्या अन्नावरून इतकी अरुंद वेळ सांगायला शास्त्रीय आधारच नाही. तेव्हा ट्रस्कॉट ६२ वर्षांचे होते. खरा गुन्हेगार कोण, हे आजवर कोर्टात सिद्ध झालेलं नाही. म्हणजे एका मुलाचं आयुष्य गेलं आणि त्या मुलीलाही न्याय मिळाला नाही.

आपल्याला याचं काय?

पहिलं, आपल्या कोर्टांमध्ये 'शेवटचं एकत्र दिसले' हा युक्तिवाद नेहमी येतो. अमुक माणूस मृताबरोबर शेवटचा दिसला, म्हणून संशय त्याच्यावर. पण तो दिसला ती वेळ आणि मृत्यूची वेळ यांत अंतर कमी असेल, तरच या युक्तिवादात दम असतो. अंतर वाढलं की मधल्या वेळात दुसरं कोणीही येऊ शकतं. म्हणजे पुन्हा सगळं त्या अंदाजावर.

दुसरं, फक्त खुनाच्याच केसमध्ये नाही. अपघातात वडील आणि मुलगा दोघेही गेले, तर आधी कोण गेलं यावर वारसा कुठे जाणार हे ठरू शकतं. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१ मध्ये त्यासाठी नियमच आहे: कोण आधी गेलं हे कळत नसेल आणि उलट काही सिद्ध होत नसेल, तर वयाने लहान व्यक्ती मागून गेली असं धरायचं. कायद्यानेच मान्य केलंय की काही वेळा शरीर उत्तर देत नाही.

तिसरं, आपल्याकडे उशीर फार होतो. पूर्वापार सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करत नसत. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सोय असलेल्या रुग्णालयांना रात्री परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार किंवा संशयास्पद मृत्यूच्या केसेस सर्वसाधारणपणे त्यातून वगळल्या. म्हणजे ज्या केसमध्ये वेळ सगळ्यात महत्त्वाची, तीच बॉडी रात्रभर थांबते. शवागाराच्या थंडीत ठेवली तर सगळी घड्याळं मंदावतात. म्हणून घटनास्थळी जे पहिल्यांदा पोचतात त्यांनी खोलीचं तापमान, पंखा-एसी चालू होता का, अंगावर काय होतं, हे पंचनाम्यात लिहिणं फार मोलाचं असतं. थर्मामीटरला खर्च तो किती येतो?

मग चांगले डॉक्टर काय करतात?

जे आपण सिस्टिममध्ये करतो तेच. एका सेन्सरवर विश्वास ठेवत नाहीत. तापमान, डाग, ताठरता, डोळ्यातलं द्रव, कीटक, सगळ्यांच्या खिडक्या एकावर एक ठेवतात आणि जिथे त्या जुळतात तेवढीच वेळ सांगतात. त्यात बाहेरचे पुरावे जोडतात: दारातलं दूध उचललं होतं का, सीसीटीव्ही, शेवटचा यूपीआय व्यवहार, फोनमधली पावलांची मोजणी. आजकाल हे पुरावे शरीरापेक्षा खूपच नेमके असतात. फक्त एक विसरायचं नाही. व्हॉट्सॲपवरचं लास्ट सीन हे फोनचं असतं, माणसाचं नाही. फोन दुसऱ्या कोणाच्याही हातात असू शकतो.

आणि चांगले डॉक्टर आणखी एक गोष्ट करतात. उत्तर रेंजमध्ये देतात. 'रात्री आठ ते पहाटे दोनच्या दरम्यान' हे उत्तर टीव्हीवर कंटाळवाणं वाटेल, पण ते प्रामाणिक असतं. 'सव्वासात ते पावणेआठ' ऐकायला भारी वाटतं, आणि तसल्याच एका उत्तराने १४ वर्षांचा मुलगा फाशीच्या कोठडीत पोचला.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या सीरिजमध्ये कुणी बॉडीकडे बघून मिनिटावर वेळ सांगितली, की मनात एकच प्रश्न विचारा: प्लस-मायनस किती?

आजच्यासाठी एवढंच. काही शंका असतील तर नक्की विचारा, आणि तुमच्या ग्रुपमध्ये जो कोणी क्राइम सीरिज बघून स्वतःला डिटेक्टिव्ह समजतो, त्याला हा एपिसोड आवर्जून पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!